कुलवृत्तांतात न नोंदलेली बाळे

आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात एक जाडजूड, पुठ्ठ्याच्या बांधणीचा कुलवृत्तांत असेल. कोकणातून किंवा देशावरून निघालेला मूळपुरुष, शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरीस, होळकरांबरोबर इंदुरास किंवा गायकवाडांबरोबर बडोद्यास जाऊन राहिलेली शाखा, कोणी दफ्तरात होता, कोणाला इनाम मिळाले, हे सारे त्यात सापडते. पाच-सात पिढ्यांची नावे आपण बोट ठेवून वाचतो. जन्मून पंधरा दिवसांत गेलेले मूल मात्र त्या वंशवृक्षात सहसा नसते. त्याचे बारसे धड झालेले नसे, मग फांदीच्या टोकाला नाव काय लिहिणार? फार तर कोठे तरी ‘दोन अपत्ये बालपणी वारली’ एवढी ओळ असते. ती मुले होती की मुली, कितव्या दिवशी गेली, जाण्याआधी काय झाले होते, याची नोंद ठेवावी असे कोणाला वाटले नाही, आणि त्या काळी वाटण्याचे कारणही नव्हते.

मुलांच्या संप्रेरकांचे दुर्मीळ विकार पाहणारा डॉक्टर पहिल्याच भेटीत नेमके हेच विचारतो. “याच्या आधी तुमच्याकडे किंवा माहेरी एखादे तान्हे मूल गेले होते का? मुलगा होता? कितव्या दिवशी?” प्रश्न ऐकून घरातली मंडळी एकमेकांकडे पाहतात. आजी काही बोलू लागते आणि थांबते. झाकून ठेवलेली गोष्ट आज डॉक्टरपुढे कशाला, असा भाव असतो. त्या प्रश्नामागे चौकसपणा नसून शास्त्र आहे, आणि त्याच्या उत्तरावर समोरच्या मांडीवरील बाळाचा जीव कधी कधी अवलंबून असतो. ते कसे, हे एका विकाराच्या आधाराने सांगतो. असे विकार अनेक आहेत. पण एक नीट समजला तर बाकीच्यांचे निदान कोणत्या वाटेने होते तेही कळते.

या विकाराचे नाव जन्मजात अधिवृक्क-वृद्धी. नाव अवघड आहे. डॉक्टर मंडळी त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सीएएच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली एकेक लहानशी ग्रंथी असते, तिला अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. तिच्या बाहेरच्या थरात तीन प्रकारची संप्रेरके तयार होतात. कॉर्टिसॉल हे पहिले. आजार, उपास, इजा अशा ताणाच्या वेळी रक्तातली साखर आणि रक्तदाब सावरून धरणे हे त्याचे काम. अल्डोस्टेरॉन हे दुसरे. ते शरीरातले मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही आणि जादा पोटॅशियम बाहेर काढते. तिसरा प्रकार पुरुषी गुणाच्या संप्रेरकांचा. ती थोड्या प्रमाणात मुलींच्या शरीरातही असतात. तिन्हींचा कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. त्यावर एकामागून एक विकरे काम करतात आणि वाटेत फाटे फुटत फुटत ही तीन संप्रेरके सिद्ध होतात.

बागाईत शेती पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. विहिरीचे पाणी एका पाटाने येते, पुढे त्याचे तीन फाटे होतात आणि तीन वाफ्यांना जातात. त्यांपैकी दोन फाट्यांवरचे दार अडकले, तर ते दोन वाफे कोरडे पडतात आणि सगळे पाणी तिसऱ्या वाफ्यात घुसून तो तुंबतो. सीएएचच्या १०० रुग्णांपैकी ९० हून अधिक जणांत जे दार अडकलेले असते, ते २१-हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर. ते कमी पडले की कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन यांचे वाफे कोरडे आणि पुरुषी संप्रेरकांचा वाफा तुडुंब. त्यात भर अशी की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी कॉर्टिसॉल कमी आहे हे पाहून ‘आणखी कामाला लागा’ असा हुकूम पुन:पुन्हा धाडते. विहिरीवरची मोट जोरात चालते, पण दार तर अडकलेलेच. तेव्हा जादा पाणी पुन्हा तिसऱ्याच वाफ्यात जाते. हुकूम पाळून पाळून ग्रंथी मात्र फुगत राहते. नावातली ‘वृद्धी’ ती हीच. दाराच्या अलीकडे जो पदार्थ साचतो त्याचे नाव १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. निदानाची सगळी भिस्त त्याच्यावर आहे, म्हणून हे लांबलचक नाव लक्षात ठेवा. पुढे मी त्याला ‘साचलेला पदार्थ’ असेच म्हणेन.

आता या विकाराचा मुलगा जन्मला असे धरा. जन्मतः तो अगदी चांगला दिसतो. वजन ठीक, रडणे ठीक. फार बारकाईने पाहणाऱ्याला त्याच्या अंडकोशाची किंवा स्तनाग्रांची त्वचा जरा जास्त काळसर दिसेल, पण सावळ्या घरात याकडे कोण लक्ष देणार? पोटात असेपर्यंत मीठ-पाण्याचा सगळा हिशेब नाळेवाटे आईच सांभाळत असते. नाळ कापल्यावर तो हिशेब बाळाच्या अंगावर येतो आणि रोज थोडे थोडे मीठ लघवीतून निसटू लागते. आईच्या दुधात मीठ अगदी थोडे असते. निरोगी बाळाला तेवढे पुरते. याला पुरत नाही. पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासे होते, ओकते, मलूल पडते. मग एके दिवशी हातपाय गार पडतात. रक्तातले पोटॅशियम वाढत वाढत हृदयाची लय बिघडवण्याइतके वाढलेले असते. वेळेवर ओळखले नाही तर बाळ जाते, आणि दाखल्यावर ‘उलट्या’, ‘जंतुसंसर्ग’ असे काहीतरी लिहिले जाते. पूर्वी घरात दृष्ट लागली म्हणत, किंवा सटवीने ललाटी लिहिलेच तेवढे असे म्हणत. चांगले गुटगुटीत जन्मलेले आणि बारशाच्या आसपास गेलेले मुलगे ज्या घरात एकाहून अधिक आहेत, त्या घरातल्या नव्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरच्या मनात हा विकार म्हणून पहिल्या मिनिटाला येतो. घराने सांगितले तर, अर्थात.

येथे निदानाची खरी अडचण दिसते. दुर्मीळ विकार स्वतःचे वेगळे लक्षण घेऊन येत नाही. नेहमीच्या आजाराचे कपडे घालून येतो. ओकणाऱ्या १०० तान्ह्यांत बहुतेक साधी दूध उलटणारी असतात, काहींना जंतुसंसर्ग असतो. तिसऱ्या आठवड्यानंतर जोरात उलट्या करणाऱ्या बाळांत, विशेषतः मुलग्यांत, आणखी एक आजार आढळतो: जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होते. त्याला शस्त्रक्रिया लागते. दोन्ही बाळे सारखीच दिसतात, दोन्ही सुकलेली, दोन्ही ओकणारी, दोन्ही बहुधा मुलगेच. त्यांना वेगळे कशाने ओळखायचे? रक्तातल्या क्षारांची साधी तपासणी पुरते. जठराची वाट बंद झालेल्या बाळाच्या उलटीतून आम्ल जाते, त्याचे पोटॅशियम कमी होते. सीएएचच्या बाळात सोडियम कमी आणि पोटॅशियम मात्र वाढलेले. एकाच बाजूला झुकावेत असे वाटणारे दोन तराजू येथे उलट बाजूंना झुकतात. ही तपासणी जिल्ह्याच्या गावी तासा-दोन तासांत होते. लागते ती एवढीच गोष्ट, की समोरच्या माणसाला ती करावीशी वाटली पाहिजे.

आणखी दोन फसव्या गोष्टी सांगतो. जुलाबाने सुकलेल्या बाळाची लघवी लगेच कमी होते. या बाळाची दुपटी निदान सुरुवातीला ओली होतच राहतात, कारण मीठ जाताना पाणीही घेऊन जाते. आणि दुसरी: असे बाळ दवाखान्यात नेऊन सलाइन लावले की सुधारते. सलाइन म्हणजे मिठाचेच पाणी. दोन दिवसांनी टवटवीत होऊन घरी जाते आणि आठवड्याने पुन्हा तसेच परत येते. ‘सलाइनने बरे झाले होते’ हे वाक्य घरच्यांच्या तोंडून आले, तर ऐकणाऱ्याने कान टवकारायला हवेत.

घरात काय करता येईल? वजन. निरोगी बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे उतरते, जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत. मग चढू लागते आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मूळ वजनावर येते. तेथून पुढे पहिले काही महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम भर पडते. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे करतात. घरात माणसे जमलेली असतात, बाळ नटवलेले असते, त्याला पाळण्यात घालण्याआधी एकदा दवाखान्याच्या काट्यावर घालून आणले, तर या एका आकड्याने पुष्कळ कळते. बाराव्या दिवशीही वजन जन्माच्या वजनापेक्षा बरेच खाली असेल आणि बाळ दूधही कमी घेत असेल, तर ‘अंग धरेल हळूहळू’ असे म्हणत बसू नये. बहुतेक वेळा कारण साधेच निघेल, दूध नीट मिळत नसेल. पण ज्या काही घरांत ते साधे नसेल, तेथे ते दोन दिवस मोलाचे असतात.

मुलीची गोष्ट वेगळी आणि एका अर्थी उलटी. तुडुंब भरलेल्या त्या तिसऱ्या वाफ्याचे पाणी आईच्या पोटातच तिच्या अंगावर परिणाम करते. तिची बाह्य जननेंद्रिये मुलग्यासारखी वाटण्याइतकी बदललेली असू शकतात. आत गर्भाशय आणि बीजांडे मात्र पूर्ण नैसर्गिक असतात. म्हणजे मुलीत निसर्ग जन्मतःच खूण देतो आणि मुलग्यात देत नाही. त्यामुळे नीट तपासणी झाली तर मुली वाचतात आणि काहीच कळले नाही म्हणून मुलगे जातात. पण नीट तपासणी झाली तर. कित्येकदा सुइणीला, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला किंवा आजीला शंका येते आणि ती शंका घराबाहेर जाऊ नये म्हणून सगळे धडपडतात. याहून वाईट म्हणजे मुलगा झाला म्हणून पेढे वाटले जातात. नियम सोपा आहे: मुलगा म्हणून सांगितलेल्या बाळाच्या दोन्ही बाजूंना अंडगोल हाताला लागत नसतील, तर घरी जाण्यापूर्वी पोटाची सोनोग्राफी, गुणसूत्रांची तपासणी आणि साचलेल्या पदार्थाचे मोजमाप झाले पाहिजे. सोनोग्राफीत गर्भाशय दिसले की चित्र स्पष्ट होऊ लागते. गुणसूत्रांचा निकाल यायला वेळ लागतो. तोवर बारसे पुढे ढकलावे. नाव दोन आठवडे उशिरा ठेवल्याने काही बिघडत नाही. घाईने चुकीचे ठेवलेले नाव पुढे दाखल्यावर, शाळेत आणि त्या मुलीच्या मनात बदलणे फार जड जाते. शस्त्रक्रियेचीही घाई करू नये. ती कधी करावी आणि करावीच का, याबद्दल जाणकारांतही एकमत नाही. बाळाचा जीव धोक्यात असतो तो मिठामुळे, दिसण्यामुळे नव्हे.

या विकाराचे वैद्यकातले पहिले सविस्तर वर्णनही एका मृतदेहाचे आहे, हे सांगायला हवे. इटलीतल्या नेपल्स येथे लुइजी दे क्रेक्किओ या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ते प्रसिद्ध केले. जुझेप्पे मार्झो नावाने आयुष्यभर पुरुष म्हणून वावरलेल्या एका व्यक्तीचे शवविच्छेदन करताना त्यांना आत गर्भाशय आणि बीजांडे आढळली, आणि अधिवृक्क ग्रंथी नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या दिसल्या. मृत्यू उलट्या, जुलाब आणि ग्लानी येऊन झाला होता. आज ते वाचताना कारण समजते. दे क्रेक्किओ यांना ते समजण्यासारखे नव्हते; संप्रेरक ही कल्पनाच अजून जन्मायची होती. उपाय सापडायला आणखी ८५ वर्षे गेली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लॉसन विल्किन्स यांनी १९५० मध्ये दाखवून दिले की कॉर्टिझोन दिल्याने पीयूषिकेचा हुकूम थांबतो आणि पुरुषी संप्रेरकांचा पूर ओसरतो. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ज्या घरांतली अशी बाळे गेली, तेथे कोणी काही चुकले असे नाही. जगात कोणाकडेच औषध नव्हते. आज मात्र आहे.

काही मुलांत दार पूर्ण अडकलेले नसते, किलकिले असते. मीठ सांभाळण्यापुरते अल्डोस्टेरॉन त्यांना मिळते. मुलीत जन्मखूण असते. मुलगा मात्र तान्हेपण बिनघोर पार करतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षी घराला त्याचे कौतुक वाटू लागते. वर्गात सगळ्यांत उंच, आवाज जाडसर, दंड भरलेले. ‘आजोबांच्या वळणावर गेला’ असे सगळे म्हणतात. आईला एवढेच खटकते की याच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो, आणि आंघोळ घालताना नको त्या वयात केस दिसतात. ती ते कोणाला सांगत नाही. सांगावे. कारण संप्रेरकांच्या पुरात हाडे उंच वाढतात तशी लवकर पिकतातही. पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला तर हाडांचे वय नऊ-दहा वर्षांचे निघू शकते. हाडांची टोके वेळेआधी जुळून जातात आणि वर्गात सगळ्यांत उंच असलेला हा मुलगा मोठेपणी सगळ्यांत बुटका राहतो. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. दरवर्षी वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहिली, तर एका वर्षात ९ सेंटिमीटरची उडी कोणाच्याही डोळ्यांत भरेल. तसेच ३ सेंटिमीटरची कासवगतीही. ती वेगळ्या विकारांची खूण असते.

मुलगा अवेळी वयात येऊ लागला, की डॉक्टरपुढे प्रश्न असतो: हुकूम मेंदूतून आला की अधिवृक्क ग्रंथीतून? झ्युरिकच्या आंद्रेआ प्राडर यांनी यासाठी एक साधन केले, ते मला फार आवडते. दोऱ्यात ओवलेले १२ लंबगोल मणी, १ मिलिलिटरपासून २५ मिलिलिटरपर्यंत चढत्या आकाराचे. टेबलावर ठेवले तर कोणी जपमाळ समजेल. एका हाताने मण्याचा आकार आणि दुसऱ्याने अंडगोलाचा आकार ताडून पाहायचा. मेंदूतून खरोखर हुकूम आला असेल तर अंडगोल ४ मिलिलिटर किंवा त्याहून मोठे झालेले असतात. शरीर वयात आलेले दिसते, पण अंडगोल लहान मुलाचेच आहेत, असे आढळले तर पूर दुसरीकडून येतो आहे, आणि बोट बहुधा अधिवृक्क ग्रंथीकडे जाते. विजेची गरज नाही, प्रयोगशाळा नाही. मग साचलेला पदार्थ रक्तात मोजला, शंका राहिली तर पीयूषिकेच्या हुकमाची नक्कल करणारे इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा मोजला, की निदान पक्के होते. जनुकाचीही तपासणी करता येते, पण ती वाटते तितकी सरळ नाही. सहाव्या गुणसूत्रावर या विकराच्या जनुकाला लागूनच त्याची जवळजवळ हुबेहूब, पण निकामी अशी जुळी प्रत असते. अननुभवी प्रयोगशाळा दोघांत गोंधळ करू शकते. रक्तातल्या संप्रेरकाच्या तपासणीआधी जनुकाच्या अहवालावर पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

हे सगळे आजार दिसू लागल्यावरचे. आजार दिसण्याआधीच ओळखता आला तर? १९६० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी तान्ह्या बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब टिपकागदावर वाळवून तपासण्याची युक्ती काढली, ती दुसऱ्याच एका विकारासाठी. १९७७ मध्ये त्याच वाळलेल्या ठिपक्यातून सीएएचचा साचलेला पदार्थ मोजता येऊ लागला. पहिला मोठा प्रयोग अलास्कात झाला, कारण तेथल्या युपिक लोकांत हा विकार जगात इतरत्र क्वचितच आढळावा इतका होता. आपापसांतच सोयरिकी करणारा लहानसा समाज. या मुद्द्याकडे मी परत येतो.

टिपकागदाची ही तपासणी बाळ ४८ ते ७२ तासांचे झाल्यावर करतात. पहिल्या दिवशी केली तर निरोगी बाळातही हा पदार्थ वाढलेला दिसतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर आणखी काही आठवडे. त्यामुळे प्रयोगशाळेतून पुन्हा बोलावणे आले म्हणजे विकार आहेच, असे समजून हाय खाऊ नये. पण ‘काही नसेल’ म्हणून दुर्लक्षही करू नये. बोलावलेल्यांत बहुतेक बाळे निरोगी निघतात. ठिपका हे फक्त चाळण आहे. निदान पुढे रक्त पुन्हा तपासून होते. आपल्या देशात ही चाळणी सगळ्या बाळांसाठी अजून सक्तीची नाही. गोव्याच्या सरकारने २००८ मध्ये ती सुरू केली, हे गोव्यातल्या वाचकांना आठवत असेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळे तपासली, तेव्हा सीएएच ५,७६२ बाळांत एक असा आढळला. जगात अनेक ठिकाणी सांगितले जाणारे प्रमाण १५,००० त एकाच्या आसपास आहे. त्याच पाहणीत जन्मजात थायरॉइडची कमतरता १,१३० बाळांत एक इतकी निघाली. तिच्यावर वेगळा लेख हवा. एवढेच सांगतो की कावीळ लांबलेले, शौचास घट्ट होणारे आणि ‘किती शहाणे, रडतच नाही’ म्हणून वाखाणले गेलेले बाळ एकदा तपासून घ्यावे. रोजची एक स्वस्त गोळी वेळेवर सुरू झाली तर त्या मुलाची बुद्धी शाबूत राहते. टाचेच्या त्याच ठिपक्यात दोन्ही तपासण्या होतात.

आता सोयरिकीचा मुद्दा. सीएएच अप्रभावी पद्धतीने पिढीतून पिढीत जातो. आई आणि वडील दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असेल तेव्हाच, आणि तेव्हाही दर बाळंतपणात चारांत एक या प्रमाणात, बाळाला विकार होतो. एकच प्रत असलेला माणूस पूर्ण निरोगी असतो. त्याला ती आहे हे ठाऊकही नसते. ५,७६२ त एक या प्रमाणावरून हिशेब केला तर सुमारे ४० माणसांत एक जण असा निरोगी वाहक निघतो. विकार दुर्मीळ, वाहक मात्र मुळीच दुर्मीळ नाही. कोणत्याही लग्नाच्या पंगतीत पाच-सात सहज सापडावेत. मुलगा वाहक असेल आणि बायको परक्या घरातली असेल, तर तीही वाहक असण्याची शक्यता ४० त १. ती त्याची मामेबहीण असेल तर ८ त १. बेळगावकडे आणि हैदराबादकडे काही घरांत मामाने भाचीशी लग्न करण्याची रीत आहे, तेथे ४ त १.

येथे आपल्याकडचा एक जुना समज तपासून पाहू. सगोत्र टाळले की रक्त वेगळे झाले, असे आपण मानतो. गोत्र वडिलांच्याच ओळीने चालते. जनुक आईकडूनही तितकेच येते. मामाच्या मुलीचे गोत्र आपल्याहून वेगळे असते, म्हणून पत्रिका जुळवणारा हरकत घेत नाही. पण आपली आई आणि तिचे वडील एकाच घरात, एकाच आई-बापांपोटी जन्मलेले असतात. शिवाय आपल्या वस्त्या लहान. दीडशे-दोनशे वर्षे परगावी राहून सोयरिकी पुष्कळदा ठरलेल्या घराण्यांतच झाल्या. कुलवृत्तांतातल्या सुनांच्या माहेरची आडनावे मोजा, तीच तीच आठ-दहा आढळतील. यात दोष देण्यासारखे काही नाही. पण ज्या घरात एकदा विकार निघाला, त्या घराने तो लपवला तर काका-आत्यांच्या मुलांना आपण वाहक असू शकतो हे कळणारच नाही.

ही लपवाछपवी मुलीच्या लग्नाच्या भीतीने होते, हे मला माहीत आहे. भीती खोटी नाही. पण उपचार नीट झालेली मुलगी शिकते, नोकरी करते, लग्न करते, आणि पुष्कळजणींना मुलेही होतात. कॉर्टिसॉलच्या जागी दिवसातून तीनदा हायड्रोकॉर्टिझोन, मीठ धरून ठेवणारे फ्लुड्रोकॉर्टिझोन, आणि तान्हेपणी चक्क मीठ, हा उपचार. वर्षभर बाळाला मीठ देऊ नये हा सल्ला आपण सर्वत्र ऐकतो आणि तो निरोगी बाळासाठी बरोबरच आहे. या बाळाला मात्र डॉक्टर मोजून मीठ देतात, दिवसभराच्या दुधात वाटून. आजीने येथे सुनेशी वाद घालू नये. गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात आणि एक दिवसही स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात. ताप आला की डॉक्टरांनी आधीच लिहून दिल्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिझोनची मात्रा दुप्पट-तिप्पट करायची. उलटीत गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन, तेही लगेच. इंजेक्शनची कुपी घरात असावी आणि ते कसे द्यायचे हे निदान दोघांना यावे. शाळेच्या दप्तरात विकाराचे नाव आणि औषधे लिहिलेला कागद असावा. गावोगावच्या औषधाच्या दुकानांत ही औषधे नेहमी असतीलच असे नाही, म्हणून महिन्याचा साठा आधी करून ठेवावा. लग्नाकार्यासाठी परगावी जाताना तो सामानाच्या पेटीत नव्हे, हातातल्या पिशवीत.

आणि घरात पुन्हा बाळ यायचे असेल, तुमच्याकडे किंवा धाकट्या जावेकडे किंवा नणंदेकडे, तर बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीच सांगावे. तिसऱ्या दिवशी टाचेचे रक्त घ्यावे, निकाल लवकर मागावा आणि निकाल येईपर्यंत बाळाचे वजन रोज आणि रक्तातले क्षार डॉक्टर सांगतील तसे तपासावेत. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढण्याचे कोणाच्या मनात असेल, तर त्यांनी जुन्या माणसांना एकदा विचारून घ्यावे. ज्यांना ती बाळे आठवतात अशा आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. नाव नसले तरी चालेल. मुलगा की मुलगी, कोणत्या साली, कितव्या दिवशी, आणि जाण्याआधी ओकत होते का, एवढे लिहिले तरी पुरे.